निधी वाढवून रस्ते सुधारतील?

काही जण म्हणतात की आमदार निधी, म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठी आमदाराला दरवर्षी मिळणारा पैसा, वाढवला तर गल्लीबोळातले रस्ते सुधारतील. वाढवून झालाय की! महाराष्ट्राच्या 2022 च्या अर्थसंकल्पात तो दर आमदारामागे वर्षाला चार कोटींचा पाच कोटी केला. सुधारले का?

पैसा कमी नाही, तो कुठे पडतो हे बघा. खासदार निधीचे नियम वर्षानुवर्षे टिकाऊ मालमत्ता उभारण्यावर भर देणारे, डागडुजीला त्यात जागाच नव्हती. आमदार निधीतही ओढा नव्या कामाकडेच. खड्डे बुजवल्याचं भूमिपूजन कोण करणार? आमच्याकडे शंभरेक फुटांच्या गल्लीत धड असलेलं डांबर उखडून पेव्हर ब्लॉक बसवले, कमानीवर आमदारांचं नाव झळकलं. गटार मात्र केलं नाही, कारण ते वेगळं 'हेड', म्हणजे खर्चाचं वेगळं खातं. पहिल्याच पावसात ब्लॉक डुगडुगायला लागले. बाजूचा बाजाराकडे जाणारा रस्ता तसाच. तो दोन वॉर्डांच्या हद्दीवर, त्यामुळे कुणाचाच नाही.

केंद्र सरकारने नेमलेल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्येच हे दोन्ही निधी बंद करा असं सुचवलं होतं. आता तो निर्णय घेणार कोण, तर ज्यांच्या हातात निधी आहे तेच. तोवर निदान रस्त्यांची यादी अभियंत्याने करावी, साहेबांच्या पीएने नाही.