ह्युमिडिफायरमध्ये पांढरा थर साचतोय, उपाय सुचवा

फोंडेकर
गोव्यात ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं मशीन) कशाला, असं कृपया विचारू नका! बाळाच्या खोलीत रात्रभर एसी असतो, सकाळी त्याचं नाक सुकून चोंदलेलं असतं. मशीन अल्ट्रासॉनिक आहे. टाकीच्या तळाला आणि खालच्या गोल चकतीवर खरखरीत थर बसतो, शिवाय काळ्या टेबलावर पिठासारखी भुकटी. पाणी उकळून घातलं तरी तेच. सोसायटीत ओपाचं, म्हणजे सरकारी नळाचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरवेलचंही सोडतात.

टाकीवाला
मग गोम त्या बोअरवेलमध्येच असणार. अल्ट्रासॉनिकमधून निघते ती वाफ नव्हे. चकती थरथरून पाण्याचे बारीक थेंब उडवते आणि त्यांच्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियमही बाहेर पडतं. थेंब सुकला की उरते ती तुमची भुकटी. उकळून जंतू मरतात, क्षार सगळे जात नाहीत, उलट पाणी आटतं. सॉफ्टनरचाही उपयोग नाही, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, भुकटी पडतेच. डिस्टिल्ड पाणी उत्तम, नाहीतर आरओ फिल्टरचं. पण आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावून बघा. चवीसाठी आरओचा स्क्रू फिरवून क्षार वाढवून ठेवलेले असतात, मेकॅनिककडून ते कमी करून घ्या.

फोंडेकर
एसीच्या पाइपातून रोज बादलीभर पाणी जातं. ते?

टाकीवाला
क्षार नसतात, पण कॉइलवरची धूळ, बुरशी धुऊन आलेली असते. बाळाच्या नाकात ती फवारू नका हो. लादी पुसायला घ्या.

माशेलची सून
साचलेला थर काढायला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. प्लग काढायचा, चकती बुडेल इतकं कोमट पाणी, त्यात चमचाभर लिंबूफूल, अर्धा तास तसंच ठेवायचं. मग मऊ ब्रशने हलकेच. सुरीने खरवडलंत तर चकती गेलीच म्हणून समजा. मोटरचा भाग नळाखाली धरू नका. नंतर दोनदा खळखळून धुवा. पांढरं व्हिनेगरही चालतं, माडाच्या सुरेचं मात्र नको, वास दिवसभर जात नाही. ते विंदालूलाच शोभतं. आणि ब्लीच यात मुळीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. उरलेलं पाणी रोज ओतून टाकी कोरडी करा, थर निम्म्याने तिथेच आटोक्यात येतो.

आषाढ
विचारू नका म्हणालात तरी विचारतो, हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र, आहे का? चाळीस ते पन्नास टक्के दमटपणा पुरे. पावसाळ्यात एसी बंद असला की आपल्याकडे तो ऐंशीच्या वर जातो, तेव्हा मशीन लावलंत तर भिंतीला बुरशी धरेल. एसी सव्वीसवर ठेवून बघा. नाकाचं डॉक्टरांनाही दाखवा.

फोंडेकर
एसी बाविसावर असतो, खरंय. लिंबूफूल कुठे मिळेल?

माशेलची सून
कुठल्याही किराणा दुकानात, सरबताच्या सामानात.