उष्णता सोसणारी स्फोटकं: तेलविहिरीही बघा

‘उष्णता सोसणारी स्फोटकं फक्त लष्करालाच लागतात’ असं म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. आम्हा बडोदेकरांना अंकलेश्वरचं तेलक्षेत्र जवळचं. विहिरीत पोलादी नळी बसवली की तेल आत यावं म्हणून तिला छोट्या स्फोटांनी भोकं पाडतात. खोल विहिरीत तापमान भयंकर असतं, आणि टीएनटी हे नेहमीचं स्फोटक तर ८० अंश सेल्सिअसलाच वितळतं! तिथे एचएनएस (हेक्झानायट्रोस्टिलबीन) हे उष्णता सोसणारं स्फोटक कामी येतं, ते ३१६ अंशांच्या आसपास वितळतं. टीएटीबी या तशाच दुसऱ्या स्फोटकाची रचना मला त्याहून सुंदर वाटते: त्याच्या रेणूंवरच्या अमिनो आणि नायट्रो या अणुगटांमधले हायड्रोजन बंध (हायड्रोजनमुळे होणारी ओढ) सगळे रेणू थराथरांत घट्ट धरून ठेवतात. आणि हो, १९७२ साली अपोलो १७ या चांद्रमोहिमेत चंद्रावर छोटे स्फोट करून कंपनं मोजण्याच्या प्रयोगातही एचएनएसच होतं.