गुंड्याच्या खात्यात उरलेले १४,४५०

साने काका (खजिनदार): आपला गेटवरचा कुत्रा गुंड्या गेला. त्याच्या उपचारासाठी सोसायटीतून जमा ४१,३०० रु. खर्च २६,८५०. शिल्लक १४,४५०. बिलांचे फोटो वर टाकलेत. शेवटचा टेम्पो रोहनने स्वतःच्या खिशातून केला, तो यात धरलेला नाही. उरलेल्याचं काय करायचं ते ठरवा. मी जास्त दिवस सांभाळणार नाही.

रोहन बी-६०४: टेम्पोचा विषय नको काका.

नीता वहिनी बी-४०३: गेटपाशी त्याच्या नावाचा एक बाक बसवू या का? तो तिथेच झोपायचा.

जोशी काका ए-१०१: बाकावर परत कुत्रीच येऊन बसणार.

सेक्रेटरी: बाक म्हटलं की जनरल बॉडी आली. तुळशीवृंदावनाच्या वेळी काय झालं ते आठवा.

पाटील ए-५०२: लिफ्ट नं. २ चं दार तीन आठवडे लागत नाहीये. तिकडे टाका की.

साने काका: लोकांनी कुत्र्यासाठी दिलेत, लिफ्टसाठी नाहीत. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, कशाशीच याचा संबंध नाही.

डॉ. मृणाल सी-७०२: कालच लिहिणार होते, जमलं नाही. पैसे कुत्र्यांच्या रोगांच्या संशोधनाला आणि पशुवैद्यांना शिकवायला द्यावेत असं मला वाटतं. कसे ते नंतर बोलू, आधी गुंड्याचं काय झालं ते सांगते. माझ्याकडे आणला तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. कानाच्या पाळीच्या आत तीन गोचिड्या, हरभऱ्याएवढ्या फुगलेल्या. प्लेटलेट २२ हजार. कुत्र्याला निदान दीड-दोन लाख तरी हव्यात. त्याआधी चार दिवस दुसऱ्या दवाखान्यात सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन चालू होतं. मी तिथे फाईल आणायला गेले तेव्हा टेबलावर मायक्रोस्कोप दिसला. वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ.

जोशी काका ए-१०१: म्हणजे डॉक्टरची चूक. पैसे परत मागा त्याच्याकडून.

डॉ. मृणाल सी-७०२: चूक आहेच काका. पण त्यांना एकट्यांना धरून भागणार नाही. आमची पशुवैद्यकाची डिग्री साडेपाच वर्षांची. त्यात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी, घोडा आणि शेवटी कुत्रा-मांजर. सरकारी नोकरी लागली तर दिवसभर कृत्रिम रेतन आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी. ते व्हायलाच हवं, आपलं दूध तिथूनच येतं. पण शहरात दवाखाना टाकला की रोज कुत्रीच येतात, आणि त्यांच्या रक्तात काय बघायचं ते रुग्णांवरच शिकावं लागतं. मीही तशीच शिकलेय. दोघं-तिघं गेले माझ्या हातून, तेव्हा कुठे नजर बसली.

नीता वहिनी बी-४०३: पण गोचिडीच्या तापाला गोळ्या असतात ना? आमच्या जुन्या सोसायटीतल्या लॅब्रडॉरला दिल्या होत्या, बरा झाला होता तो.

डॉ. मृणाल सी-७०२: त्याला एर्लिकिया असणार. हा गोचिडीतून येणारा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसतो, डॉक्सीसायक्लिनने बरेचदा आटोक्यात येतो. गुंड्याला बबेसिया गिब्सोनी हा दुसरा जंतू होता. हा तांबड्या पेशीच्या आत असतो, टाचणीच्या टोकाएवढी अंगठी दिसते, घाईत बघितलं तर निसटते. त्याला डॉक्सी पुरत नाही. बबेसियाच्या मोठ्या जातीला जे इंजेक्शन देतात त्यानेही हा पुरता जात नाही. वेगळी दोन औषधं एकत्र द्यावी लागतात आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात. गंमत म्हणजे (गंमत कसली) हा जंतू जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो भारतातच, १९१० साली, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत.

पाटील ए-५०२: एवढं सगळं असताना टाटांनी मुंबईत महालक्ष्मीला बांधलंच आहे की प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल. १६५ कोटींचं. तिकडे न्यायचा होता.

रोहन बी-६०४: रात्री दीडला ठाण्याहून? चार दिवस चुकीच्या औषधावर काढल्यानंतर? आणि रतन टाटांना स्वतःच्या कुत्र्याच्या सांध्याच्या ऑपरेशनला अमेरिकेत मिनेसोटाच्या विद्यापीठात जावं लागलं होतं, तिथेही उशीर झाला होता. त्यातूनच हे हॉस्पिटल त्यांच्या मनात आलं. इमारत पैशाने उभी राहते, आत काम करणारी माणसं तयार करावी लागतात. म्हणून तर लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजशी ट्रेनिंगचं ठरवलं त्यांनी.

डॉ. मृणाल सी-७०२: आमचं परळचं कॉलेजही दानातूनच आलंय. बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ना, ते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पैसे दिले, पत्नी साकरबाईंच्या नावाने १८८३ साली दवाखाना झाला आणि त्याच आवारात १८८६ ला कॉलेज सुरू झालं. आधी दवाखाना, मग कॉलेज. नाव बैलघोडा, कारण तेव्हा मुंबई त्यांच्यावरच चालायची. आता गेटवर लायनीत कुत्री आणि मांजरं, पण नाव तेच.

जोशी काका ए-१०१: इतिहास छान आहे. माणसांच्या हॉस्पिटलात खाटा नाहीत आणि आपण कुत्र्यांचं संशोधन करायचं.

नीता वहिनी बी-४०३: काका, माझी मनी २०१८ ला एफआयपीने (मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार) गेली. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, याला औषध नाही, झोपवून द्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधनात एका नव्या औषधाने ३१ आजारी मांजरांपैकी २५ वाचली. आणि ते अचानक घडलं नाही. २००५ साली एका बाईंचं पिल्लू याच रोगाने गेलं, त्यांनी त्याच्या नावाने निधी काढला, मांजरवाले त्यात टाकत राहिले, असे निधी साठत संशोधनाला लागले. त्या औषधाचा जवळचा नातलग म्हणजे रेमडेसिवीर, ज्याच्यासाठी २०२१ ला तुम्ही चिरंजीवांना रात्रभर फोन लावत होतात.

जोशी काका ए-१०१: (हा मेसेज डिलीट केला आहे)

रोहन बी-६०४: पार्व्होचंही (कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबाचा रोग) तसंच. १९७८ ला नवीनच रोग आला आणि जगभर पिल्लं पटापट मेली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९५० पासून कुत्र्यांच्या रोगांची एक प्रयोगशाळा होती, श्वानप्रेमींच्या देणग्यांवर चालणारी. लस तिथेच झाली. आमच्या ब्रूनोच्या कार्डावर जे स्टिकर आहेत त्यात ती आहे. आणि गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या ३,०४४ कुत्र्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून कॅन्सर का होतो ते अमेरिकेतलीच दुसरी एक संस्था शोधतेय. मालक दरवर्षी रक्त, केस, नखं देतात.

शिंदे डी-२०१: संशोधन म्हणजे कुत्र्यांना कोंडून सुया टोचणार का? तसलं असेल तर माझे पैसे वेगळे काढा.

डॉ. मृणाल सी-७०२: बरं झालं विचारलंत. नाही. उपचारासाठी जे रक्त काढलेलंच असतं त्यातला एक थेंब, तोही मालकाच्या सहीनिशी. एवढंच. परळला एक मुलगी एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पुढची डिग्री) करतेय, विषय आपल्याच पट्ट्यातला गोचीड ताप. काचपट्ट्या, रंग, रक्ताच्या जांभळ्या टोपीच्या नळ्या तिला कमी पडतात. १०,००० तिथे. बाकी ४,४५० मध्ये एक रविवार: आजूबाजूचे आठ-दहा पशुवैद्य आणि त्यांचे कंपाउंडर बोलवायचे, मायक्रोस्कोप मी आणि माझा एक मित्र आणतो, प्रत्येकाने स्वतः काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, रंगवायचा, अंगठी शोधायची. व्याख्यान नाही. ज्या डॉक्टरांकडे गुंड्या आधी होता त्यांनाही बोलवणार आहे. फोन केला, येतो म्हणाले.

शिंदे डी-२०१: मग ठीक.

साने काका: १०,००० कॉलेजच्या अधिकृत खात्यावर, चेकने. विद्यार्थिनीच्या खात्यावर नाही. पावती मला, कॉपी ग्रुपवर. रविवारच्या चहाचं बिल जीएसटीसकट.

सेक्रेटरी: क्लब हाऊसचं भाडं १,५०० होतं. कमिटीने माफ केलं आहे असं समजा. रक्ताच्या काचा कुठे टाकणार ते मात्र आत्ताच सांगा, कॅरमच्या टेबलावर नको.

डॉ. मृणाल सी-७०२: डबा मीच आणते, मीच घेऊन जाते.

नीता वहिनी बी-४०३: पोहे मी करते. दहा माणसांचे की पंधरा?

रोहन बी-६०४: वॉचमन चाचांनाही बोलवा. गोचिड्या रोज तेच काढायचे त्याच्या. रॉकेलच्या बोळ्याने काढतात, तसं नको एवढं कुणीतरी त्यांना सांगा.

डॉ. मृणाल सी-७०२: अरे देवा. सांगते. चिमट्याने, कातडीला टेकवून, सरळ वर.

पाटील ए-५०२: आणि लिफ्ट?

जोशी काका ए-१०१: मला हे पटलेलं नाही. माझे ५०० परत द्या.

साने काका: काका, यादीत तुमचं नाव नाही. ए-१०१ चे ५०० काकूंनी दिले होते. त्यांना फोन करून विचारतो.

साने काका: विचारलं. राहू दे म्हणाल्या. शिल्लक १४,४५० कायम.