'हॉट हॅच'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: भाषांतर करताना 'हॉट हॅच'पाशी अडकलेय, म्हणजे लहान पण वेगवान, स्पोर्टी मोटार. 'स्पोर्टी'ला कोशात 'खेळकर' सापडतं, पण त्याने मांजराचं पिल्लू डोळ्यांपुढे येतं. आणि हॅच म्हणजे अंडी उबवणं ना?

अर्धविराम: उबवण्याचा हॅच वेगळा. हा हॅच म्हणजे मुळात अर्धं दार, जहाजाच्या डेकवरचं झाकण. सेडानची डिकी ही स्वतंत्र खोली. झाकण उघडलं तरी मागची काच जागची हलत नाही. हॅचबॅकमध्ये काच आणि झाकण मिळून एकच पल्ला, बिजागऱ्या छतापाशी. उचलला की हात थेट मागच्या सीटच्या पाठीला लागतो. १९६५ च्या रेनो १६ ने घरगुती मोटारीत हे दार रुळवलं. 'झडप' म्हणा.

शब्दवेडी: वा! 'झडप घालणं'ही आपसूक आलं त्यात.

काळे हात: जरा थांबा. इंजिनाच्या व्हॉल्व्हलाही पुस्तकात झडपच म्हणतात. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही हॉट हॅच सोळा व्हॉल्व्हची पण निघाली होती. 'सोळा झडपांची झडपगाडी' छापणार का?

अर्धविराम: 😀 झडप मागे घेतो.

काळे हात: हॅचबॅक राहू द्या, लोकांना कळतं. खरा प्रश्न 'हॉट'चा. गोल्फ जीटीआय १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली, विक्री १९७६ पासून. १.६ लिटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन जेमतेम आठशे किलोच्या आसपास. वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर! नावातला शेवटचा 'आय' इंजेक्शनचा, म्हणजे कार्ब्युरेटर गेला आणि इंधनाचा फवारा आला. फोक्सवॅगनने ५,००० गाड्यांचाच बेत केला होता, पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. बाहेरून ओळख काय, तर पुढच्या जाळीभोवती एक लाल रेघ. आत चौकड्यांच्या सीटा आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. दोन्ही गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या डिझायनर बाईंच्या डोक्यातून निघालेलं. मला तो चेंडू इंजिनाइतकाच आवडतो.

शब्दवेडी: मग 'चपळ हॅचबॅक' लिहू?

काळे हात: चपळ तर साधी लहान गाडीही असते. १९८४ ला आलेली पूजो २०५ जीटीआय घ्या. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची हलकी होतात आणि गाडीचं बूड बाहेर फेकलं जातं. मुरलेले चालक हेच मुद्दाम करून वळण घेतात, नवख्याची गाडी मात्र गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी. हिला चपळ म्हणून भागत नाही. 'तापट' बघा.

अर्धविराम: तापट! 'हॉट'ही आलं, स्वभावही आला. फक्त मथळ्यात 'तापट गाडी' नको, इंजिन गरम होतंय असं वाटेल.

शब्दवेडी: 'तापट हॅचबॅक' लिहिलं. 'खेळकर' खोडलं.