आजोबांच्या डब्यातला खोटा रुपया

इंदूरला आमच्या आजोबांचं सराफ्यात किराणा दुकान होतं. गल्ल्यात आलेले खोटे रुपये ते वेगळ्या डब्यात टाकत, पुन्हा कुणाच्या गळ्यात मारत नसत. डब्यात सात निघाले. एक पंचम जॉर्जचा, १९१८चा: वजन १०.१ ग्रॅम, राजाच्या गालावर बारीक खड्डे, कडेला लालसर तांबं. वितळवून टाक म्हणतात घरचे. मला जपायचेत. कसे ठेवू?

उत्तर १: वितळवू नका! अस्सल रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. तुमचा साच्यात ओतलेला दिसतो; खड्डे त्याचेच. वाजवून बघा, बद्द वाजेल.

उत्तर २: घासू मात्र नका, मुलामा जाईल. प्रत्येकाला वेगळी कागदी पाकिटं, वर वजन लिहा. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली, तेव्हा खोट्यांना आळा घालायला रुपयाच्या कडेत खाच आली. त्यानंतरचा एखादा आहे का?

मूळ प्रश्नकर्ता: वाजवला, बद्दच! १९४०नंतरचा एकही नाही. एकावर मात्र छिन्नीचा घाव आहे, बहुतेक आजोबांनीच पारखताना घातलेला. तो सगळ्यात आधी पाकिटात ठेवला.