तिथली दुपार कशी होती? मे महिन्यातल्या थंड हवेच्या ठिकाणांचे अनुभव

मुलीची परीक्षा संपली की आमच्या घरी एकच विषय: मेमध्ये थंड हवेला कुठं जायचं? गेल्या वर्षी एका नावाजलेल्या ठिकाणी चार दिवस राहिलो. सकाळ-संध्याकाळ फार छान. पण अकरा ते चार आम्ही खोलीत पडदे ओढून, पंखा पाचवर ठेवून बसून होतो. बाबा म्हणाले, "एवढं तर घरीही बसलो असतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते जास्त लागलं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याबरोबर बाहेर पडले होते.

ठिकाणांची नावं सगळ्यांना पाठ असतात, म्हणून याद्या नकोत. मेमध्ये जिथं प्रत्यक्ष राहिलात तिथलं एवढंच सांगा: दुपारी दोन वाजता तुम्ही कुठं होतात आणि अंगावर काय होतं? बरोबर कोण होतं तेही लिहा. आमच्याकडे ७६ वर्षांचे बाबा (गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू), सहा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघं. घाटात मुलीला गाडी लागते.

* * *

ताई, मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून हिशोबानंच उत्तर देते. वर चढताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साधारण १३५० वर. फरक आठशे मीटरचा, म्हणजे पाच अंशांचा. पुण्यात ३८ असेल तर वर ३३. आता ३३ अंशांत उघड्यावर कोण बसेल? लोणावळा तर जेमतेम सव्वासहाशे मीटरवर, तिथं मेमध्ये पुण्याहून जाणाऱ्याला काही उतारच पडत नाही. दुपारीही गारवा हवा असेल तर २००० मीटरच्या खाली बघू नका, हे माझं ठाम मत.

तरी महाबळेश्वर मी सोडलेलं नाही. दुपारी पॉइंटवर न जाता जंगलातल्या वाटांवर जायचं. दाट झाडीखाली ३३ अंश अंगाला कमी लागतात. पाचगणीच्या टेबललँडवर मात्र दुपारी जाऊच नये, तिथं सावलीला उभं राहायला जवळजवळ काही नाही.

* * *

आम्ही नागपूरचे. वरच्या हिशोबानं चिखलदरा आमच्याहून फार तर पाच-सहा अंशांनी खाली. म्हणजे ४५ चे ४०. दुपारी दोन वाजता आम्ही व्हरांड्यात ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलो होतो, खरं तेच सांगते. पण रात्री? रात्री कूलरच्या घरघरीशिवाय झोपलो. खिडकी उघडी, अंगावर चादर. उन्हाळाभर तो आवाज कानात घेऊन झोपणाऱ्यालाच याची किंमत कळते. परतवाड्याहून घाट चढला की आलंच. लांबचा प्रवास झेपत नसेल तर आमच्याकडच्या माणसांनी रात्रींसाठी जावं. दुपारची आशा धरू नये.

* * *

माथेरानबद्दल मी लिहिणारच, कारण माझं अर्धं बालपण तिथल्या मे महिन्यात गेलंय.

उंची फक्त आठशे मीटर. भूगोलाच्या बाईंच्या नियमात ते बसत नाही. तरी दुपारी दोन वाजता आम्ही बाहेर असायचो, रोज. कारण माथेरानभर जंगल आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी, वर फांद्यांची कमान आणि खाली तांबडी माती. ऊन जमिनीवर येतं ते कवडशांनी. शिवाय दस्तुरी नाक्याच्या पुढं गाड्या नाहीत. डांबर नाही, इंजिनाची धग नाही, हॉर्न नाही. मूल हात सोडून पळालं तरी जीव धसकत नाही. एवढ्या मोकळेपणानं लहान मुलाला सोडता येईल असं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. दस्तुरीपासून मुक्कामापर्यंत चालावं लागतं. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून गावात छोटी रेल्वेगाडी जाते, घोडे आहेत, अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. पण मेमधल्या शनिवारी या सगळ्याला रांग लागते, आणि दुखरे गुडघे घेऊन रांगेत उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. नेरळहून निघणारी १९०७ची मूळ छोटी रेल्वे २१ किलोमीटर वळणं घेत चढते. तिच्यात बसायला मिळालं तर मुलगी आयुष्यभर विसरणार नाही. मिळेलच असं मात्र धरून चालू नका.

आणखी एक. घरात कुणाला दमा असेल तर मेमध्ये नको. घोड्यांच्या टापांनी ती तांबडी माती दिवसभर उडत असते. माझ्या भाच्याला दुसऱ्या रात्री नेरळला उतरवून डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. पाऊस सुरू झाल्यावर माती बसते, पण तेव्हा सुट्टी संपलेली असते.

* * *

मनाली. दुपारी दोन वाजता गाडीत होतो. चारही दिवस.

मनाली दोन हजार मीटरवर आहे, पण खोऱ्यात. मेअखेरीस दुपारी टीशर्ट पुरतो. थंडी वर आहे, रोहतांग खिंडीत, म्हणून अख्खं गाव सकाळी वर जायला निघतं. तिथं रोज सोडायच्या गाड्यांवर मर्यादा आहे, परवाना आधी काढावा लागतो. आमच्या सहल आयोजकानं तो काढलेलाच नव्हता, हे आम्हाला नाक्यावर कळलं. लेकरं रडकुंडीला आली होती. रडले नाहीत ते फक्त आम्ही.

दोन वर्षांनी स्वतः आखून परत गेलो. मनालीत एकच रात्र काढली, मग अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला दोन रात्री. बोगदा नऊ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला. दुपारी दोनला अंगावर जाड जाकीट आणि समोर बर्फाचा डोंगर होता. तेच पर्यटक, तीच सुट्टी, फक्त मुक्काम पुढं सरकवला होता. बहुतेक लोक पलीकडे दिवसभर फिरून संध्याकाळी मनालीत परततात. तिथं रात्र काढणारे त्या मानानं थोडे. तुमच्या बाबांसाठी मात्र सिस्सू सुचवणार नाही, ते तीन हजार मीटरच्या वर आहे.

* * *

उंचीचं निघालंच आहे तर लेहचं सांगते. हे लिहायला मला सोपं नाही.

माझा मोठा भाऊ ५८ वर्षांचा, रोज पाच किलोमीटर चालणारा. आम्ही विमानानं लेहला उतरलो. सकाळी समुद्रसपाटीला असलेला माणूस दुपारी साडेतीन हजार मीटरवर, शरीराला काही कळायच्या आत. पहिल्या दिवशी त्याला काहीच झालं नाही. उलट सगळ्यांत ताजातवाना तोच. निदान ४८ तास विश्रांती घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आम्हीही वाचलं होतं. पण सुट्टी पाच दिवसांची, त्यातले दोन खोलीत कसे घालवायचे? दुसऱ्या दिवशी सकाळी ‘खारदुंग ला’ या खिंडीत. ५३५९ मीटर.

परतीच्या वाटेवर तो बोलेनासा झाला. आधी डोकं दुखत होतं. ते त्यानं सांगितलं नाही, आमचा विरस नको म्हणून. मग मळमळ, मग उलट्या. लेहच्या इस्पितळात रात्रभर प्राणवायूवर होता. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, तंदुरुस्तीचा याच्याशी संबंध नाही, धडधाकट माणूसही यात सापडतो. डोकं दुखायला लागलं की आणखी वर जायचं नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचं. उतरणं हेच खरं औषध.

भाऊ बरा झाला. पण त्या रात्री बाकावर बसून मी वहिनीचा हात धरला होता तो अजून आठवतो.

तुम्हाला लेहला जायचंच असेल तर दहा दिवस हाताशी ठेवून जा आणि पहिले दोन खरंच काहीही करू नका. रक्तदाब असलेल्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं. नुसतं "डोंगरात जातोय" म्हणू नये. अडीच हजार मीटरच्या आत राहिलात तर हा प्रश्न सहसा येत नाही.

* * *

शिमला, २०१८ची मेअखेर. ते पाणीटंचाईचं वर्ष. दोन वाजता आम्ही मॉल रोडवर होतो, हवा उत्तम, अंगावर पातळ स्वेटर. मुक्कामी मात्र माणशी अर्धी बादली. आणि गावातल्या बायका टँकरपुढं हंडे लावून उभ्या होत्या. त्यांच्या वाट्याचं पाणी आपण वापरतोय हे मनातून जाईना. तेव्हापासून मे-जूनमध्ये गर्दीच्या डोंगरी गावात जायचं तर आधी फोन करून पाण्याचं विचारतो.

* * *

दार्जिलिंगबद्दल दोनच ओळी. गारवा भरपूर, दुपारीही. पण मेमध्ये कांचनगंगा ढगांतच असते बहुतेक. आम्ही टायगर हिलवर तीन पहाटे काढल्या आणि तिन्ही वेळा पांढरा पडदा बघून परतलो. शिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर.

* * *

कुमाऊँत जाणाऱ्यांनी वणव्यांचा विचार करावा. मुक्तेश्वर दोन हजार मीटरच्या वर, काठगोदामपर्यंत रेल्वे, सगळं तुमच्या गरजेत बसणारं. आम्ही २०२४च्या मेच्या सुरुवातीला गेलो. दुपारी दोन वाजता देवदारांखाली, अंगावर शाल. आणि समोर नंदादेवीच्या जागी राखाडी धूर. चीडची वाळलेली पानं कापरासारखी पेटतात आणि त्या वर्षी नैनीतालच्या आसपास फार आगी लागल्या होत्या. माझ्या आईला खोकला सुरू झाला, दोन दिवस आधी परतलो. पाऊस होऊन गेल्यावर गेलेल्या शेजाऱ्यांना मात्र हिमशिखरांची स्वच्छ रांग दिसली. तेव्हा निघण्याआधी चार दिवस तिथल्या बातम्या बघा.

गढवालला जाणार असाल तर आणखी एक: मेमध्ये चारधाम यात्रा सुरू असते. ऋषिकेशहून वर जाणारा रस्ता तोच. चोपत्याला पोहोचायला आम्हाला ठरल्यापेक्षा सहा तास जास्त लागले.

* * *

ताई, तुमचं वाचून मला आमचीच गोष्ट वाटली. आमच्याकडे सासूबाई ७८च्या, गुडघे बदललेले. मी कोटगिरी सुचवते.

निलगिरीत सगळे उटीला जातात. उटी २२४० मीटरवर, गारवा आहेच. पण मेमध्ये तिथं पुष्पप्रदर्शन भरतं आणि रस्ते तुंबतात. कोटगिरी साधारण १८०० मीटरवर, म्हणजे बाईंच्या दोन हजारांच्या किंचित खाली. तरी आम्हाला दुपारी पंख्याची आठवण झाली नाही. खोलीत पंखाच नव्हता! दोन वाजता सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसायच्या, खांद्यावर पातळ शाल, समोर उतरत गेलेले चहाचे मळे. "बघायला" फार काही नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला तेच बरं पडतं. सकाळी गाडीत बसा, आठ पॉइंट करा, संध्याकाळी परत, असं कुणी मागे लागत नाही. एक दिवस कोडनाडला जाऊन आलो, एक दिवस जवळच्या कन्नेरीमुक्कूला. तिथं जॉन सलिव्हन या इंग्रज कलेक्टरानं १८१९मध्ये बांधलेला बंगला आहे. निलगिरीत साहेबांची वस्ती सुरू झाली ती तिथून, उटी नंतरची.

कोईम्बतूरपर्यंत मुंबईहून थेट रेल्वे आहे. पुढं मेट्टुपाळयमहून घाट सव्वा-दीड तासाचा. मुलीला पुढच्या सीटवर बसवा आणि निघण्याआधी पोटभर खायला घालू नका. गाडीला ई-पास लागतो, मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो सुरू झालाय. २०२५च्या एप्रिल ते जूनसाठी तर निलगिरीत रोज ६०००, शनिवार-रविवारी ८००० गाड्या अशी मर्यादाच होती. म्हणून मधल्या वारी पोहोचा. मेट्टुपाळयमहून उटीला जाणारी दातेरी रुळांची रेल्वे जरूर बघा, पण बाबांना तिच्यात नेऊ नका. चढणीचा प्रवास जवळजवळ पाच तासांचा आणि बाकांवर पाय लांब करता येत नाहीत. बसायचंच असेल तर त्यांना कुन्नूर ते उटी एवढा तुकडा पुरेल.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. लेहचा अनुभव लिहिणाऱ्या ताईंना विशेष. आमच्या यांच्या मनात लेह होतं, आणि बाबा काही दुखलं तर सांगणारे नाहीत, अगदी तुमच्या भावासारखेच.

काल रात्री तुमचे सगळे अनुभव त्यांना वाचून दाखवले. खुर्ची आणि शालीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला सांगितलं. कोटगिरी ठरलं. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणून हे पहाटेपासून तयारीत होते. खालचे दोन बर्थ मिळाले. गाडी सोमवारची आहे, म्हणजे बुधवारी वर पोहोचू. परतल्यावर दुपारी दोनचं नक्की लिहीन.

* * *

वा! छत्र्या न्या पण. तिथं मेमध्ये दुपारनंतर वळवाची सर येते, आणि बाबांना खुर्ची आत घ्यायला आवडणार नाही.