पासवर्ड टाकल्यावर स्क्रीन काळी, नुसता माऊसचा बाण दिसालाय. फॉरमॅट न मारता काय होईल काय?

खानापूर_झेरॉक्स:
नमस्कार सगळ्यांना, अर्जंट आहे म्हणून लिहालोय. खानापुरात आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बॅनर, ऑनलाइन अर्ज, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतंय. काल रात्री दुकान बंद करेपर्यंत बरा होता. आज सकाळी चालू केलो, विंडोजचा लोगो आला, पासवर्डचं पान आलं, पासवर्ड टाकलो, वेलकम म्हणून गोल फिरलं आणि मग स्क्रीन पूर्ण काळी. माऊसचा बाण तेवढा दिसालाय, हलवलं की हलतोय पण. आयकॉन नाहीत, खालची पट्टी नाही, काय नाही. बंद करून परत चालू केलो, परत तेच.

विंडोज 10 आहे, आय थ्री, 8 जीबी रॅम, 240 जीबीचं एसएसडी. इथल्या रिपेरीवाल्यानं फोनवरच सांगितलं की फॉरमॅट मारावा लागतंय म्हणून. माझं टेन्शन तेच आहे. आमच्याकडं पत्रिका एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड अशा लागतात, मराठीचे फॉन्ट वेगळे, कन्नडचे वेगळे, दोन्ही जुने, युनिकोड नव्हेत. फॉन्ट गेला की फाइल उघडली तरी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, परत सगळं टाइप करायचं. त्यात लग्नसराई, तीन पार्ट्यांची प्रुफं दाखवून झाल्यात, छापायचं बाकी आहे, आणि फायली सगळ्या डेस्कटॉपवरच आहेत. कुणाला हे असं झालं होतं काय? कृपया सांगा.

अनगोळकर:
भावा पहिला रॅम काढ, खोडरबरानं पूस आणि परत बसव. पावसाळ्यात आमच्याकडं ओल धरून लई वेळा असंच होतंय, डिस्प्लेच येत नाही. तुमच्या खानापूरचा पाऊस तर सांगायलाच नको.

उद्यमबाग_आयटी:
खानापूर_झेरॉक्स, फॉरमॅट मारायला अजिबात देऊ नका, निदान आज तरी नको. तुम्ही जे लिहिलाय त्यावरनं मशीन धड आहे असंच दिसतंय.

अनगोळकर म्हणतात तो उपाय खरा आहे पण तो वेगळ्या दुखण्यावर. रॅमचा कॉन्टॅक्ट गेला की लोगोच येत नाही, बीप वाजत बसतं. इथं लोगो आला, पासवर्डचं पान आलं, म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम, एसएसडी सगळं काम करालंय. स्क्रीन कुठल्या टप्प्याला काळी झाली हे बघायचं, त्यावरच सगळं अवलंबून असतंय. पासवर्ड बरोबर आला की विंडोज युजरइनिट नावाचा एक प्रोग्रॅम चालवतं आणि तो पुढं एक्सप्लोररला उठवतो. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, म्हणजे आयकॉन, खालची पट्टी, स्टार्टचं बटण, ते सगळं हा एक्सप्लोररच दाखवतो. बाण हलतोय आणि बाकी काही नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की एक्सप्लोरर उठला नाही. तुमच्या फायली जिथल्या तिथं आहेत.

आता हे करा. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवायचं काम बघणारा प्रोग्रॅम) नव्यानं चालू होतो, एक छोटा बीप येईल आणि स्क्रीन लुकलुकेल. तेवढ्यानं आलं तर दोष ड्रायव्हरचा. कधी टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडला असाल तर विंडोज आणि पी दाबून बघा, डिस्प्ले दुसऱ्याच स्क्रीनवर जाऊन बसलेला असतो. त्यानं पण नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. टास्क मॅनेजर (चालू असलेले प्रोग्रॅम दाखवणारी खिडकी) उघडला तर अर्धं काम झालं असं समजा. छोटी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स आहे ते दाबा, मग वरती फाइल, त्यात रन न्यू टास्क, आणि तिथं एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप करून एंटर. काय दिसतंय ते इथं लिहा.

फायली दिसल्या की दुसरं काहीही करायच्या आधी पत्रिका आणि फॉन्टचा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून घ्या. गिऱ्हाईक थांबलं असलं तरी आधी कॉपी.

टास्क मॅनेजर पण आला नाही तर पासवर्डच्या पानावरच खाली उजवीकडं पॉवरचं चिन्ह आहे, शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा. निळं पान येईल, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग 4 दाबला की सेफ मोड, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टींवर चालणारं विंडोज. पण त्या वाटेला जायच्या आधी एक बघून ठेवा, तुमच्या मशीनला बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तिथं 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतंय. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेलं असेल तर ती की बहुतेक त्या खात्यात ऑनलाइन सापडते, मोबाइलवरनं बघता येते.

निपाणीची_ताई:
मी निपाणीत कॉम्प्युटर क्लास घेते, मुलांच्या मशीनवर हे बऱ्याचदा बघितलंय. दादा, दोन प्रश्न आहेत. त्या कॉम्प्युटरवर दुसरं कुणाचं खातं आहे का, भावाचं, मुलाचं, कुणाचंही? असेल तर त्यानं लॉगिन करून बघा. ते नीट उघडलं तर ड्रायव्हर, विंडोजचं अपडेट वगैरे सगळे संशय एका फटक्यात बाजूला पडतात, कारण ते बिघडले असते तर सगळ्याच खात्यांना त्रास झाला असता. मग दोष तुमच्या खात्यापुरता राहतो आणि शोधायला जागा कमी उरते.

दुसरं, काल काही नवीन टाकलं होतं का, कुणाचा पेनड्राइव्ह लावला होता का, अँटीव्हायरसनं काही दाखवलं होतं का? झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येत असतात म्हणून विचारतेय.

खानापूर_झेरॉक्स:
सर, ताई, लई उपकार. चार बटणांनी बीप वाजला, स्क्रीन लुकलुकली पण काळीच राहिली. टास्क मॅनेजर मात्र उघडला! एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारल्यावर माझ्या फायली दिसाल्यात, सगळ्या पत्रिका आहेत. आधी तेच केलो, पत्रिका, फॉन्ट, बॅनरच्या फायली सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलो. जीवात जीव आला.

पण रिस्टार्ट केलो की परत काळी.

ताई, तुम्ही विचारलाय ते बरोबर आहे. धाकट्या भावाचं खातं आहे, त्यानं लॉगिन केलो तर एकदम नीट, आयकॉन, पट्टी सगळं. आणि काल दुपारी एकजण पेनड्राइव्हमधनं प्रिंट काढायला आला होता, तो लावल्याबरोबर अँटीव्हायरसचा लाल बॉक्स आला, धोका सापडला आणि काढला असं काहीतरी होतं. काढला म्हटल्यावर विषय संपला असं वाटलं. त्याचा ह्याच्याशी संबंध असेल काय?

उद्यमबाग_आयटी:
असेल नव्हे, बहुतेक तोच आहे. ताईंनी नेमकं विचारलं.

असं होतं की काही व्हायरस एक्सप्लोररच्या जागी स्वतःचं नाव घालून ठेवतात, म्हणजे लॉगिन झालं की डेस्कटॉपच्या जागी आधी तो चालणार आणि मग तो एक्सप्लोररला उठवणार. तुम्हाला वरनं काहीच कळत नाही. अँटीव्हायरसनं व्हायरसची फाइल उडवली पण ते नाव तिथंच राहिलं, आता विंडोज लॉगिनला त्या नावाचा प्रोग्रॅम शोधतंय, तो नाही, म्हणून काळी स्क्रीन. जुना चालक काढून टाकला आणि डेपोच्या फळ्यावर नाव त्याचंच राहिलं तर गाडी जशी सुटायची नाही, तसं झालंय.

आता तुमच्याच खात्यात लॉगिन करा, भावाच्या नव्हे, हे महत्त्वाचं आहे. काळ्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर उघडून रन न्यू टास्कमध्ये रेजएडिट (regedit) टाइप करा, त्यानं रेजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही उघडते. डावीकडं एचकी करंट युजर, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन. विंडोज आणि विंडोज एनटी असे दोन वेगळे फोल्डर आहेत, एनटीवाल्यातच जायचं. विनलॉगऑनवर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करून ठेवा, काही चुकलं तर मागं येता येतं. मग उजवीकडं शेल नावाची नोंद दिसतेय काय बघा. साध्या घरच्या किंवा दुकानच्या मशीनवर ह्या जागी शेलची नोंद नसते. असेल आणि त्यात भलत्याच फाइलचा पत्ता असेल तर तेवढी एकच नोंद डिलीट करा. बाकी तिथल्या कशालाही हात लावू नका.

तिथं काही नसलं तर हाच रस्ता एचकी लोकल मशीनमध्ये. तिथं मात्र शेलची नोंद असायलाच पाहिजे आणि तिच्यात फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढंच पाहिजे. शेजारी युजरइनिटची नोंद असते, तिच्यात सिस्टिम 32 मधल्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम असतो, तो चुकून राहिलेला नाही, तसाच ठेवायचा. त्याच्यापुढं आणखी काही चिकटवलेलं दिसलं तर काही न बदलता आधी इथं लिहा. भावाचं खातं चालतंय म्हणजे हे बरोबरच असणार, तरी नजर टाका.

कंग्राळीकर:
मधेच लिहितोय, उबुंटू (विंडोजच्या जागी वापरतात ती लिनक्स सिस्टिम) वापरणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. आमच्या लॅबमध्ये पण पासवर्डनंतर काळी स्क्रीन यायची किंवा परत पासवर्डचंच पान यायचं. तिथं रेजिस्ट्री वगैरे काही नसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबलं की नुसत्या अक्षरांची स्क्रीन येते, तिथं लॉगिन करून डीएफ, स्पेस, मायनस एच टाइप करायचं आणि डिस्क किती भरलीय ते बघायचं. आमच्याकडं मुख्य पार्टिशन 100 टक्के भरलं होतं, लॉगिनच्या वेळी ज्या छोट्या फायली लिहाव्या लागतात त्यांनाच जागा नव्हती. सुडो ॲप्ट क्लीन मारून आणि जुने लॉग काढून जागा केल्यावर डेस्कटॉप आला.

खानापूर_झेरॉक्स:
सर झालं!! करंट युजरमध्ये शेल म्हणून नोंद होती, त्यात ॲपडेटामधल्या कुठल्यातरी फोल्डरचा पत्ता आणि शेवटी अर्थ नसलेली अक्षरं डॉट ईएक्सई. एक्सपोर्ट करून ठेवलो, नोंद डिलीट केलो, साइनआउट करून परत पासवर्ड टाकलो, आणि डेस्कटॉप आला, आयकॉन आले, सगळं आलं. लोकल मशीनमधलं बघितलो, तुम्ही सांगितलाय तसंच आहे, स्वल्पविरामासकट. रिस्टार्ट करून पण बघितलो, नीट चालालंय. पत्रिका छापायला लावल्यात आता. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळेना झालंय. बेळगावला आलो की तुम्हाला कुंदा घेऊन येणार, नको म्हणू नका.

आता अजून काय करायला पाहिजे काय? तो व्हायरस परत येईल काय?

उद्यमबाग_आयटी:
बेस्ट! पण अजून थोडं काम बाकी आहे, ते आजच करा. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप म्हणून टॅब आहे, त्यात ओळखीचं नसलेलं काही असलं तर डिसेबल करा. टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणारा) उघडून त्यात पण बघा, असले व्हायरस तिथं पण नोंद ठेवून जातात. रात्री दुकान बंद करताना विंडोज सिक्युरिटीमधनं डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, दुसरा अँटीव्हायरस असल्यामुळं तो दिसला नाही तर तुमच्याच अँटीव्हायरसचा फुल स्कॅन. ऑफलाइनवाला मशीन रिस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळं लपून बसलेलं काही असलं तर सापडायची शक्यता जास्त.

आणि पासवर्ड बदला. तुम्ही लोकांचे ऑनलाइन अर्ज भरता, म्हणजे त्या मशीनवर लोकांची आधार कार्डं, ओटीपी, तुमचं मेल, बँक सगळं असणार. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड मोबाइलवरनं बदला, त्या कॉम्प्युटरवरनं नको, स्कॅन होऊन सगळं स्वच्छ निघेपर्यंत.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय हे पण ध्यानात असू दे. वाढीव अपडेटसाठी नोंदणी केलेली नसेल तर सुरक्षेचे नवीन अपडेट येत नाहीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, तुमचा आय थ्री कितवा आहे ते बघून सांगा. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावायच्या मशीनवर हे टाळून चालणार नाही.

निपाणीची_ताई:
दादा, चांगलं झालं. पेनड्राइव्हचं तेवढं सांगते, कारण तुमचा धंदाच त्यावर आहे, घेत नाही म्हणून सांगता येत नाही. सेटिंग्जमध्ये डिव्हायसेसमध्ये ऑटोप्ले आहे ते बंद करा. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्सटेन्शन्सला टिक लावा, मग आधार कार्ड डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असली सोंगं लगेच ओळखता येतात. पेनड्राइव्ह लावला की आधी राइट क्लिक करून स्कॅन, मगच उघडायचा. लोक मागं उभे राहून घाई करतात, करू देत. जमेल तिथं प्रिंटची फाइल मेलवर मागवा.

आणि रोजच्या वापराचं खातं ॲडमिन ठेवू नका. ॲडमिनचं खातं वेगळं करा, त्याला वेगळा पासवर्ड, आणि दुकान चालवायचं साध्या खात्यावर. ह्यावेळचा व्हायरस साध्या खात्यात पण येऊ शकला असता, कारण त्यानं तुमच्या खात्यापुरतंच लिहिलं होतं, पण अख्ख्या मशीनला हात लावणारे जे असतात ते तिथं अडतात.

ज्याचा पेनड्राइव्ह होता तो माणूस ओळखीचा असेल तर त्याला पण कळवा. तो तोच पेनड्राइव्ह घेऊन आणखी दुकानांत फिरत असेल. त्याला त्यात फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर फायली बहुतेक गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, फॉरमॅट करू नकोस म्हणावं, माझ्याकडं किंवा तुमच्याकडं घेऊन ये, काढून देता येतात.

खानापूर_झेरॉक्स:
ओळखीचा आहे ताई, नंदगडचा आहे. आत्ताच फोन लावतो त्याला.